द्वारकेपलीकडचे शरणपूर

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, एसटी, कांद्याचे ट्रक. नाशिकरोड स्टेशनवरून गावात यायचे तर आजही हाच चौक ओलांडावा लागतो. नाशिककरांना द्वारका म्हटले की वाहतुकीची कोंडीच आठवते. पण या चौकापलीकडच्या शरणपूरला दीडशे वर्षांपूर्वीची एक मोठी ओळख आहे, आणि ती थेट आफ्रिकेच्या गुलामांपर्यंत आणि अमेरिकेच्या यादवी युद्धापर्यंत जाऊन पोहोचते.

1861 साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेचे युद्ध पेटले. दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापारी खानदेश-वऱ्हाडाच्या कापसावर तुटून पडले. कापसाचे भाव कडाडले, मुंबईत सट्ट्याला ऊत आला. त्याच काळात नाशिकपर्यंत रेल्वे आली होती, आणि 1865 च्या पहिल्याच दिवशी थळ घाटातली गाडीही सुरू झाली. गाडीवाटेने होणारा कितीतरी व्यापार रुळांवर गेला. स्टेशन मात्र गावापासून पाचेक मैल दूर राहिले. 1865 हे अमेरिकन युद्ध संपण्याचेही साल. शांतता होताच मुंबईचा सट्टा कोसळला आणि शेकडो घरे बुडाली. पण अमेरिकेतली गुलामगिरी त्याच वर्षी, डिसेंबरात, घटनादुरुस्तीने कायमची संपली.

आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, त्यांचे व्यवहार कागदोपत्री होत. कंपनी सरकारने 1843 च्या कायद्याने गुलामगिरीला कोर्टाचा आधार देणे बंद केले. पुढे 1860 च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. समुद्रावर मात्र धंदा चालूच होता. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून धरून आणलेली माणसे झांझिबारच्या बाजारात विकली जात आणि गलबतांतून अरबस्तान, इराणकडे नेली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबते पकडत असे. त्यांतून सुटलेली मुले मुंबई बंदरात उतरवली जात. त्यांचे पुढे करायचे काय, हा प्रश्न सरकारपुढे असे.

त्यातल्या काही मुलांची वाट नाशिकला वळली. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये 1832 पासून होते. 1854 मध्ये विल्यम साल्टर प्राइस या मिशनऱ्याने गावाच्या पश्चिमेला ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिचे नाव ठेवले शरणपूर. धर्म बदलला म्हणून जातीने आणि घराने टाकलेल्या माणसांना राहायला जागा हवी होती, त्यांच्यासाठी हे गाव. आफ्रिकन मुलांचा आश्रमही पुढे इथेच आला. मुले सुतारकाम, लोहारकाम, शेती शिकली, इंग्रजी आणि इथल्या भाषा शिकली, प्रार्थना शिकली. गोदाकाठच्या तीर्थक्षेत्रापासून मैलभरावर, दुसऱ्या खंडातून पळवून आणलेली मुले रंधा मारायला शिकत होती.

त्यांना नवी नावे मिळाली. आयझेनबर्ग, फरार, प्राइस ही तर मिशनऱ्यांचीच आडनावे. आईबापांनी ठेवलेले नाव पुसले जाणे, ही या सुटकेची किंमत होती, आणि ती लहान नव्हती. मॅथ्यू वेलिंग्टन या नावाने पुढे ओळखला गेलेला मुलगा याओ जमातीचा. त्याचे मूळ नाव चेंग्विंबे. शरणपूरने ही मुले वाचवली, शिकवली. पण त्यांनी कोण व्हायचे आणि कुठे जायचे, हे त्यांना कुणी विचारले नाही.

1865 मध्ये आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत होता. आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेसाठी त्याला तिथल्या भाषा आणि मुलूख यांची ओळख असलेली माणसे हवी होती. शरणपूरमधून नऊ जण त्याच्याबरोबर निघाले. मोहीम अतिशय कठीण होती. रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी वाटेत दगावला, काही जण सोडून गेले. इंग्रजी पुस्तकांत त्यांच्यावर आळसाचा शिक्का बसला. कोवळ्या वयात पळवली गेलेली, मग नाशिकच्या शाळेत आणि कारखान्यात वाढलेली ही तरुण मुले. त्यांच्याकडून जंगलातल्या मुरलेल्या हमालांची अपेक्षा ठेवणे न्यायाचे नव्हते. 1872 पर्यंत लिव्हिंगस्टनजवळ सुरुवातीपासूनची पाचच माणसे उरली होती. त्यांतले दोघे शरणपूरचे होते, एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी. त्याच वर्षी, लिव्हिंगस्टनला शोधून काढणारा पत्रकार स्टॅन्ली याने पाठवलेल्या मदतीच्या तुकडीत शरणपूरचे आणखी सहा जण आले: जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड आणि बेंजामिन रतन.

1 मे 1873 रोजी, आजच्या झांबियात चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारला. माणसांनी त्याचे काळीज काढून झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. देहाला मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला आणि सालीच्या वेष्टनात बांधला. मग त्या पाच जुन्या सोबत्यांपैकी सुसी आणि चुमा यांच्या पुढारीपणाखाली साठ-सत्तर माणसे तो देह खांद्यावर घेऊन हजार मैलांहून अधिक चालली. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने देह तिथेच पुरायचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. फेब्रुवारी 1874 मध्ये ते किनाऱ्याला बागामोयोला पोहोचले. 18 एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात देणाऱ्या मानकऱ्यांत एकच आफ्रिकन होता, नाशिकच्या शाळेत लिहायला शिकलेला जेकब वेनराइट. ते झाड पुढे तोडावे लागले, तेव्हा अक्षरे कोरलेला खोडाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जपून ठेवला.

1873 हे साल मराठी वाचकाला आणखी दोन गोष्टींसाठी माहीत आहे. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला. आणि त्याच वर्षी 5 जूनला, पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रियर यांच्या वाटाघाटींनंतर, झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा समुद्री व्यापार बंद करण्याच्या करारावर सही केली. पुण्यातल्या माळ्याच्या मुलाने शूद्रातिशूद्रांचे दुःख अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या दुःखाशेजारी ठेवले, ही त्या शतकातली मराठीतली सर्वांत मोठी उडी होती. आजही ती अंगावर काटा आणते. अमेरिकेतल्या विजयावर फुल्यांचा विश्वास होता. पण तो विजय पुढे अर्धवट राहिला.

1877 मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि मतदानाचा, शाळेचा, जमिनीचा हक्क एकेक करून काळ्यांच्या हातून निसटू लागला. 1882 मध्ये चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी झाली. 1896 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांत गोऱ्यांची आणि काळ्यांची वेगळी सोय कायदेशीर ठरवली. पंडिता रमाबाई 1886 ते 1888 तिथे होत्या. त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या पुस्तकात अमेरिकेचे मनापासून कौतुक केले आणि तिथला वर्णद्वेषही लपवला नाही.

शरणपूरच्या मुलांच्या वाट्याला या वर्णद्वेषाचाच एक तुकडा आला. 1874 मध्ये प्राइसला मोंबासाला धाडले गेले. तिथे सुटलेल्या गुलामांसाठी वसाहत उभी राहिली आणि तिला त्याच बार्टल फ्रियर यांचे नाव मिळाले, फ्रियरटाऊन. नाशिक-मुंबईच्या आफ्रिकनांना तिकडे नेले गेले. स्थानिक लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. ते इंग्रजी बोलत, शिकवत, सुतारी करत, चर्च चालवत. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे तर त्याआधीच, 1864 मध्ये, तिथे गेले होते आणि पुढे पाद्री झाले. पण गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीचा मान त्यांना मिळेना, आणि या अन्यायावर जोन्स स्पष्ट बोलला. गलबतातून सुटका झाली होती. चर्चच्या पायरीवर मात्र रंग आडवा आला.

नाशिकमध्ये ही पायरी जातीची होती. गोदावरीच्या पलीकडे, पंचवटीत काळाराम मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी, दादासाहेब गायकवाडांना बरोबर घेऊन, तिथे सत्याग्रह सुरू केला. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. हार्लेमची काळ्यांची वस्ती तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी दिलेल्या अर्जाची प्रत मागवली. फुल्यांनी पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतून जोडलेला धागा त्यांनी पत्राने पुढे नेला.

मोंबासाच्या फ्रियरटाऊनमध्ये घंटेचा मनोरा आहे आणि त्या घंटेवरून आसपासच्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात. नाशिकमध्ये शरणपूर हे नाव एका रस्त्यावर टिकून आहे, रोज हजारो लोक त्यावरून जातात. नाशिकच्या शाळांत गोदावरीचे घाट शिकवले जातात, तशी जेकब वेनराइट, एडवर्ड गार्डनर, कॅरस फरार ही नावेही शिकवली पाहिजेत. ती आपल्याच गावची मुले होती.

लिव्हिंगस्टनचा देह वाहून नेणाऱ्यांपैकी सर्वांत शेवटी उरलेला माणूस मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे चेंग्विंबे, 1935 मध्ये मोंबासात वारला. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. काळारामाचे दार तेव्हाही उघडले नव्हते.