माणूस काढू नका, तास कमी करा

पोटॅश आपल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. उसाला, द्राक्षाला आपण ते घालतो. पण कामगाराच्या भाकरीशीही या खताचा एक जुना संबंध आहे. १९१० साली जर्मनीत पोटॅशच्या खाणींसाठी एक कायदा झाला. कोणत्या खाणीने किती माल विकायचा हे त्याने बांधून दिले, आणि त्यापायी ज्या मजुरांचे काम बुडाले त्यांना भरपाईही देऊ केली. मजुराला काढायचे नाही, काम थोडे द्यायचे आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग बाहेरून भरून द्यायचा, अशी ही कल्पना. १९२७ साली बेकारी विम्याचा कायदा झाला, त्यात ती पक्की बसली. जर्मन लोक तिला 'कुर्त्सआर्बाइट' म्हणतात. शब्द अवघड, अर्थ सोपा: कमी वेळाचे काम.

ही जुनी गोष्ट कामी आली ती २०२० च्या कोरोना साथीत. कारखाने थांबले, हॉटेलांना कुलुपे लागली. १३ मार्च २०२० रोजी जर्मन संसदेने एका दिवसात नियम सैल केले. पूर्वी एक तृतीयांश कामगारांचे काम घटले तरच मदत मिळे. आता दहा टक्क्यांचे घटले तरी पुरे झाले.

हिशेब कसा चाले, ते पाहा. एखाद्या कामगाराच्या हाती महिना २००० युरो पडत होते. त्याचे काम निम्म्यावर आले, तर मालक त्याला १००० देणार. (कराची गुंतागुंत तूर्त बाजूला ठेवू.) बुडाले १००० युरो. त्यांतले ६० टक्के, म्हणजे ६०० युरो, न्यूरेंबर्गची सरकारी रोजगार संस्था भरून देणार. घरात मूल असेल तर ६७०. साथ लांबली तेव्हा हे प्रमाण ८० आणि ८७ टक्क्यांपर्यंत नेले. गंमत अशी, की कामगाराला कुठे अर्ज करावा लागत नसे. पैसे मालकाने पगारातच द्यायचे आणि मागाहून संस्थेकडून वसूल करायचे. बुडालेल्या तासांवरचा विम्याचा हप्ताही त्या काळात संस्थेने मालकाला परत दिला. मालकाचा फायदा यात उघड आहे. शिकवून तयार केलेला माणूस हातचा जात नाही; मागणी आली की यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू.

शिक्षकमंडळींसाठी एक तुलना. आपल्याकडे १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात ले-ऑफ दिला, तर मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यावी असे ठरले. पण द्यायची कुणी? मालकाने. म्हणजे गल्ला रिकामा झाला त्याच घडीला मागणी त्याच्याच दारात! जर्मनांनी आधी पेटी भरली, मग वाटली. मला हा फरक सर्वांत मोठा वाटतो. २०२० साली तिथे पगाराच्या २.४ टक्के इतका बेकारी विम्याचा हप्ता होता, निम्मा मालकाचा, निम्मा कामगाराचा. चांगल्या दिवसांत साठलेली सुमारे २६ अब्ज युरोंची गंगाजळी साथीच्या आरंभी हाताशी होती.

एप्रिल २०२० मध्ये जवळजवळ ६० लाख माणसे या कमी वेळाच्या कामावर होती. २००९ च्या मंदीत हा आकडा १५ लाखांच्याही आत राहिला होता. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली. जर्मनीत २०१९ ची ५ टक्के सरासरी २०२० मध्ये ५.९ वर थांबली.

पण पेटी भरणाऱ्यालाच पेटीतून मिळते, ही यातली मेख. महिना ४५० युरोंपर्यंत कमावणारी छोट्या कामांवरची माणसे, म्हणजे हॉटेलात वाढणारी, झाडलोट करणारी, बेकारी विम्याचा हप्ता भरत नव्हती. त्यांना यातला एक पैसा मिळाला नाही, आणि हॉटेल बंद पडले तेव्हा पहिली तीच घरी गेली. तिकडे मोठमोठ्या मोटार कंपन्यांचे कामगार मात्र या छत्राखाली होते. मुदतही वाढत वाढत २८ महिन्यांवर गेली. साठलेली गंगाजळी आटली आणि २०२१ साली संस्थेला केंद्र सरकारच्या तिजोरीतून पैसा घ्यावा लागला.