बहुमाध्यमी सादरीकरण, सनिवेदन
चित्रे, आलेख, अक्षरमजकूर, चलच्चित्रांचे तुकडे आणि ध्वनिमुद्रित निवेदन यांची ठराविक क्रमाने व ठराविक वेळी सांगड घालून ती संगणकाच्या साहाय्याने प्रेक्षकांपुढे मांडण्याच्या पद्धतीस सनिवेदन बहुमाध्यमी सादरीकरण म्हणतात. शिक्षण, संग्रहालये, प्रचारकार्य, उद्योगधंदे इ. क्षेत्रांत तिचा उपयोग होतो. चित्राला बोलका आवाज जोडण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. कोणते चित्र कोणत्या शब्दाबरोबर यावे, हे पूर्वी निवेदक स्वतः ठरवीत असे. ते काम टप्प्याटप्प्याने यंत्राकडे गेले. या स्थित्यंतरात संगणक त्या कामासाठी सिद्ध करणे हेच काही काळ सादरीकरणाइतके अवघड होऊन बसले होते. प्रस्तुत नोंदीत या स्थित्यंतराचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६५९ च्या सुमारास जादूचा कंदील तयार केला. काचेवर रंगविलेले चित्र दिव्याच्या उजेडाने व भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर मोठे करून दाखविण्याचे हे साधन होते. एकोणिसाव्या शतकात ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या ज्योतीत चुन्याचा खडा तापवून मिळणारा प्रखर प्रकाश वापरात आला आणि मोठ्या सभागृहांत खेळ करणे शक्य झाले. फिलाडेल्फिया येथील लँगेनहाइम बंधूंनी १८५० च्या सुमारास काचेवर छायाचित्रे उतरविण्याची पद्धत प्रचारात आणली. त्यामुळे प्रवासवर्णने व शास्त्रीय व्याख्याने यांना सचित्र रूप मिळाले.

महाराष्ट्रात कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी १८९० नंतरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ केले. ‘शांबरी’ म्हणजे मायाविद्या. त्यावरून हे नाव आले आहे. हाताने रंगविलेल्या काचा वापरून पौराणिक कथा पडद्यावर दाखवीत आणि त्यांना निवेदनाची व संगीताची जोड देत. कीर्तन आणि आख्यान यांची सवय असलेल्या प्रेक्षकवर्गाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नव्हते. अशा सर्व खेळांत गतीची सूत्रे निवेदकाच्या हाती असत. प्रसंग रंगला तर तो चित्र थांबवून ठेवी, प्रेक्षक कंटाळले तर पुढे जाई. मात्र तो नसेल तर खेळ मुका होई.

पारदर्शिका व ध्वनिफीत : १९३६ मध्ये ३५ मिमी. रुंदीची रंगीत कोडॅक्रोम फिल्म उपलब्ध झाली. १९६१ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने कॅरूसेल हा गोल तबकाचा प्रक्षेपक विक्रीस आणला. त्याच्या नेहमीच्या तबकात ८० पारदर्शिका मावत. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीची लहान ध्वनिफीत-पेटी म्हणजे कॅसेट आली. या दोन साधनांच्या संयोगातून पारदर्शिका-ध्वनिफीत कार्यक्रम सिद्ध झाले. फितीच्या एका मार्गावर निवेदन व दुसऱ्या मार्गावर १,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे सूचक स्पंद मुद्रित करीत. स्पंद मिळताच प्रक्षेपक पुढची पारदर्शिका दाखवी. एकच व्याख्यान अनेक गावी, व्याख्यात्याशिवाय, त्याच शब्दांत ऐकविता येऊ लागले.

या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. स्पंदाचा अर्थ ‘पुढचे चित्र’ एवढाच असे. ‘कोणते चित्र’ हे त्यात सांगितलेले नसे. एखादी पारदर्शिका अडकली वा चुकीच्या खाचेत बसली, की तेथून पुढे शब्द एका चित्राचे व पडद्यावर दुसरेच चित्र, असा प्रकार होई. संगणकात प्रत्येक चित्राला स्वतःची ओळख असल्याने हा दोष मुळातूनच टाळता येतो.

संगणकाचा प्रवेश : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापनव्यवस्था सुरू झाली. तिच्या १९७० नंतरच्या दशकातील चौथ्या आवृत्तीत अग्रांच्या पडद्यावर सूक्ष्मपटलावरील रंगीत चित्रे मागून प्रक्षेपित करता येत आणि ध्वनिमुद्रित वाक्ये हवी तेव्हा ऐकविणारे उपकरणही जोडता येई. मात्र ही सोय एका मोठ्या मध्यवर्ती संगणकावर अवलंबून होती.

वैयक्तिक संगणकांवर हे काम १९८० नंतरच्या दशकात होऊ लागले. १९८७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ॲपल कंपनीचा ‘हायपरकार्ड’ आणि फोरथॉट कंपनीचा ‘पॉवरपॉइंट’ असे दोन कार्यक्रम मॅकिंटॉश संगणकासाठी उपलब्ध झाले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने फोरथॉट विकत घेतली. आरंभीचा पॉवरपॉइंट मुख्यतः छापील पारदर्शिका तयार करण्याचे साधन होता. निवेदन वक्त्यानेच करावयाचे असे. आयबीएम पद्धतीच्या संगणकांत मूळचा ध्वनी लहान भोंग्यापुरता मर्यादित होता. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ हे साउंड कार्ड विक्रीस आणले आणि अशा संगणकातून मुद्रित मानवी आवाज ऐकविणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले.

संगणकाची सिद्धता : कोणताही संगणक बहुमाध्यमी कार्यक्रम चालवील याची खात्री नसल्याने उत्पादकांनी ‘एमपीसी’ नावाचे किमान मानक ठरविले. त्याच्या १९९१ मधील पहिल्या पातळीनुसार १६ मेगॅहर्ट्‌झचा ३८६ एसएक्स प्रक्रियक, २ मेगॅबाइट स्मृती, ३० मेगॅबाइटची स्थिर चकती, साउंड कार्ड आणि सेकंदाला १५० किलोबाइट वाचणारा सीडी-रॉम चालक आवश्यक मानला गेला. १९९३ मधील दुसऱ्या पातळीत ४ मेगॅबाइट स्मृती, १६० मेगॅबाइटची चकती व दुप्पट वेगाचा सीडी-रॉम चालक अशी वाढ झाली.

या आकड्यांमागील अडचण हिशेबाने स्पष्ट होते. सीडीच्या दर्जाच्या द्विमार्गी ध्वनीला सेकंदास १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे १.४४ मेगॅबाइटच्या फ्लॉपीवर जेमतेम ८ सेकंदांचे निवेदन मावेल आणि दहा मिनिटांच्या निवेदनास १०० मेगॅबाइटहून अधिक जागा लागेल. म्हणून निवेदन सेकंदाला ११,०२५ नमुने, प्रत्येकी ८ बिटांचे, एकाच मार्गावर असे मुद्रित करीत. त्यामुळे त्याच फ्लॉपीवर सु. सव्वादोन मिनिटांचा आवाज बसे. तो टेलिफोनवरील आवाजासारखा, पण समजण्याजोगा असे. सु. ६५० मेगॅबाइट धारकतेच्या सीडी-रॉममुळे जागेचा प्रश्न सुटला. वेगाचा सुटला नाही. ६४० × ४८० बिंदूंचे २५६ रंगांचे एक चित्र ३,०७,२०० बाइटांचे होते. पहिल्या पातळीच्या चालकास ते वाचण्यास २ सेकंद लागत. निवेदन त्याच चकतीवरून वाचले जात असेल, तर चित्र येईपर्यंत आवाज तुटे. त्यावर उपाय म्हणून पुढील चित्र आधीच स्मृतीत आणून ठेवीत किंवा ध्वनी व चित्र यांचे तुकडे चकतीवर आलटूनपालटून मांडीत.

प्रत्यक्ष जोडणीही कष्टाची असे. साउंड कार्डाचा पत्ता, व्यत्यय-मार्ग व थेट स्मृती-मार्ग या तीन गोष्टी कार्डावरील लहान टोप्या बदलून निश्चित कराव्या लागत. आरंभीच्या साउंड ब्लास्टरचा सातवा व्यत्यय-मार्ग मुद्रकाच्या द्वारासाठीही ठेवलेला असल्याने दोहोंत संघर्ष संभवे. डॉस प्रणालीतील ६४० किलोबाइटांच्या मूळ स्मृतीत सीडी-रॉम व इतर उपकरणांचे चालक-कार्यक्रम भरल्यावर सादरीकरणास जागा उरेल, अशी मांडणी करावी लागे. सीडीवरील ध्वनिमार्ग थेट वाजवायचा तर चालकापासून साउंड कार्डापर्यंत वेगळी तार जोडावी लागे. ती विसरल्यास चित्रे दिसत, आवाज येत नसे. ध्वनीच्या फायली सादरीकरणाच्या बाहेर ठेवल्या असतील, तर दुसऱ्या संगणकावर नेताना त्यांचे मार्ग तुटत. १९९५ मधील विंडोज ९५ प्रणालीने उपकरणे आपोआप ओळखण्याची सोय केली. पुढे ध्वनिमंडल संगणकाच्या मुख्य फलकावरच येऊ लागले आणि यातील बहुतेक कष्ट संपले.

समकालन : चित्राचा किंचित विलंब डोळ्यांना सहन होतो, आवाजातील अल्पसा खंड मात्र कानाला लगेच खटकतो. त्यामुळे ध्वनीला घड्याळ मानून चित्रांनी त्याच्यामागे चालावे, हे तत्त्व मान्य झाले. ॲपलच्या १९९१ मधील ‘क्विकटाइम’मध्ये संगणक मंद असल्यास मधल्या चौकटी गाळून ध्वनी अखंड ठेवला जाई. १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने ‘स्माइल’ ही समकालनाची लिखित भाषा प्रमाणित केली. तीत कोणते माध्यम केव्हा व किती वेळ चालावे, हे वाचनीय मजकुरात लिहिता येते.

मराठीतील प्रश्न : ध्वनीच्या बाबतीत संगणकास सर्व भाषा सारख्याच होत्या, मराठी निवेदनास वेगळ्या योजनेची गरज नव्हती. अडचण अक्षरांची होती. पुण्यातील सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे देवनागरी पडद्यावर येऊ शकली आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी आयएस १३१९४ हे मानक प्रसिद्ध झाले. तरीही विविध फॉन्ट आपापली सांकेतिक रचना वापरीत. एका संगणकावर शुद्ध दिसणारे शीर्षक तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत उमटे आणि निवेदन मात्र स्पष्ट मराठीत चालू राही. यावर मजकुराचेच चित्र करून बसविण्याची तोड काढण्यात आली; पण असा मजकूर नंतर शोधता वा सुधारता येत नाही. १९९१ पासून देवनागरीचा समावेश असलेली युनिकोड संकेतावली आणि २००० मध्ये विंडोजला मिळालेला तिचा आधार यांमुळे हा प्रश्न पुढे बव्हंशी सुटला.

जतन : सादरीकरणाची साधने त्यांवर तयार झालेल्या कृतींपेक्षा अल्पायुषी ठरली आहेत. कॅरूसेलचे उत्पादन २००४ मध्ये थांबले. सीडी-रॉमवरील अनेक सादरीकरणांचा आधार असलेल्या ‘डायरेक्टर’ची विक्री २०१७ मध्ये बंद झाली आणि ‘फ्लॅश’चा आधार २०२० च्या अखेरीस काढून घेण्यात आला. जुन्या संगणकाचे अनुकरण करणाऱ्या कार्यक्रमांद्वारे काही कृती पुन्हा चालविता येतात. तथापि त्यासाठी मूळ यंत्राची सिद्धता कशी होती, याची नोंद हाताशी असावी लागते. जादूच्या कंदिलाची काच आजही उजेडापुढे धरून पाहता येते, पण तिच्याबरोबर बोलले गेलेले शब्द मुद्रित न झाल्याने नष्ट झाले. संगणकीय सादरीकरणात चित्र व शब्द दोन्ही मुद्रित असूनही ती उघडणारे साधन नाहीसे झाल्यास दोन्ही एकदमच दुर्गम होतात. म्हणून चित्रे, निवेदन, संहिता आणि वेळापत्रक ही स्वतंत्रपणे, सर्वत्र वाचता येतील अशा स्वरूपात ठेवणे हा जतनाचा अधिक विश्वसनीय मार्ग होय.