विजेटची बखर

बी.कॉम.ला आमचे कॉस्टिंगचे सर प्रत्येक गणिताची सुरुवात "समजा, एक कारखाना विजेट तयार करतो" अशी करीत. विजेट म्हणजे काय, हे त्यांनी कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. दर विजेटामागे पडणारा खर्च काढता आला की पुरे. ते खातात की डोक्याला लावतात, याच्याशी वाणिज्य शाखेला कर्तव्य नसते.

तसा हा शब्दच गूढ. १९२४ साली न्यूयॉर्कला कॉफमन आणि कॉनेली या जोडीचे 'बेगर ऑन हॉर्सबॅक' हे नाटक आले. त्यातल्या एका धनिकाचा धंदा विजेटांचा. आता विजेट म्हणजे नेमके काय, हीच तर त्यातली गंमत!

पुढे संगणकवाल्यांनी हे बेवारस नाव दत्तक घेतले. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये मुख्य काम चालू ठेवून शेजारी उघडता येणारी घड्याळ, गणकयंत्र अशी छोटी बिऱ्हाडे होती. पण त्यांना विजेट म्हणत नसत. २००३ मध्ये 'कॉन्फॅब्युलेटर' आले, त्यात मात्र अशा चीजांचे नाव विजेटच. २००५ मध्ये ॲपलने 'डॅशबोर्ड' काढला. एप्रिल २००९ मध्ये अँड्रॉइडच्या १.५ या आवृत्तीने कोणाही ॲपवाल्याला होमस्क्रीनवर विजेट मांडायची मुभा दिली. आयफोनच्या होमस्क्रीनवर ते यायला २०२० उजाडले. अशा रीतीने ती काल्पनिक वस्तू आमच्या खिशात आली, आणि खिशात येऊन अडून बसू लागली.

अडते का, ते बँकेच्या माणसाला चटकन कळते. विजेट म्हणजे पासबुक. खरा हिशेब आत, ॲपच्या खतावणीत. ॲप अधूनमधून होमस्क्रीनला चिठ्ठी पाठवते, "बाई गं, आता हे दाखव," आणि होमस्क्रीन पुढची चिठ्ठी येईपर्यंत इमानाने तेच दाखवत बसते. ठरावीक अंतराने नोंद मागायची तर अँड्रॉइड अर्ध्या तासाच्या आत मंजुरी देत नाही. आयफोनवर वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटलाही दिवसाला साधारण ४० ते ७० नोंदींचाच शिधा. हा सगळा काटकसरीचा संसार बॅटरीपायी. त्यात बॅटरी वाचवणारी सोय जादा उत्साही निघाली, तर ती चिठ्ठी लिहिणाऱ्या कारकुनालाच झोपवते. मग विजेट खोटे बोलत नाही, फक्त जुने बोलते. पाहणाऱ्याला मात्र ते कळत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहतात. मुलगी टोरांटोला. तिकडची वेळ दाखवणारे विजेट नातवाने त्यांना लावून दिलेले. जूनमधली गोष्ट. रात्री आठच्या सुमारास गुरुजी जिन्यात भेटले.

"काय हो, कॅनडात हल्ली रात्र फार लांबते का?"

"का बरं, गुरुजी?"

"दोन दिवस बघतोय, पहाटेचे तीनच वाजलेले असतात. पोर झोपली असेल म्हणून फोन केला नाही."

मला हसू आले, आणि लगेच गेलेही. दोन दिवस हा माणूस मुलीची झोपमोड नको म्हणून फोन हातात धरून बसला होता!

आधी त्या ॲपवरचा बॅटरीचा निर्बंध काढला. मग विजेट होमस्क्रीनवरून उचलून पुन्हा ठेवले. हा उपाय आमच्या पिढीच्या रेडिओला थापट मारण्यासारखा वाटतो. पण त्यात शास्त्र आहे. नव्याने ठेवलेल्या विजेटला नवा क्रमांक मिळतो, आणि ॲपला ताजी चिठ्ठी लिहावीच लागते. गुरुजींनी अक्षरे मोठी केल्यामुळे आकड्यांचे पायही कापले गेले होते. विजेट दाबून धरले आणि कडेला धरून ताणले, तसे पाय फुटले. टोरांटोत सकाळचे साडेदहा झाले.

गुरुजींनी तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या, फोन लावला. मी वर निघालो. मागून ऐकू आले, "झोपली नव्हतीस ना गं?"

तेव्हापासून इमारतीत विजेटांचा वैद्य म्हणून माझी ख्याती आहे. फी म्हणून चहा घेतो आणि जाताना एकच पथ्य सांगतो: विजेटवर विश्वास जरूर ठेवावा, पण पासबुकाइतकाच. शेवटच्या नोंदीपर्यंत. माणसांच्या बाबतीत मात्र सरळ फोन करावा.