पाचारण (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक संकल्पना. देवाने येशू ख्रिस्ताद्वारे माणसाला तारणासाठी व पवित्र जीवनासाठी केलेले बोलावणे म्हणजे पाचारण. नव्या करारातील इफिसकरांस पत्रात तिची सुस्पष्ट मांडणी आढळते. या पत्राच्या सहा अध्यायांपैकी पहिल्या तिनांत मुख्यतः देवाच्या कृपेचे विवेचन असून उरलेल्या तिनांत त्या कृपेला साजेशा आचरणाचा बोध आहे. तारण विश्वासाद्वारे लाभणारे दान आहे. ते कर्मांनी कमावता येत नाही. सत्कर्मे त्याचे कारण नसून फळ होत (अध्याय २). नम्रता, सौम्यता, सहनशीलता, प्रेमाने एकमेकांना वागवून घेणे आणि मंडळीचे ऐक्य राखणे, ही पाचारणास शोभणाऱ्या वर्तनाची लक्षणे होत (अध्याय ४).

सदाचरण माणसाला स्वबळावर साधते, हे पेलाजिअसचे मत संत ऑगस्टीनने खोडून काढले व कृपेची अपरिहार्यता प्रतिपादिली. इ.स. ४१८ च्या कार्थेज धर्मपरिषदेने पेलाजिअसच्या मताचा निषेध केला. पुढे मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) पाचारण धर्मगुरू व मठवासी यांच्यापुरते न मानता शेती, कारागिरी, घरकाम अशा नित्याच्या कामांनाही तो दर्जा दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पावित्र्याचे पाचारण सर्व श्रद्धावंतांना असल्याचे सांगितले. कृपा व सत्कर्मे यांच्या संबंधाबाबत कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी १९९९ मध्ये संयुक्त घोषणापत्र स्वीकारले.