टायगर १३१ आणि उसने इंजिन

एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती एक जर्मन टायगर रणगाडा जवळजवळ धडधाकट लागला. गोळा लागून त्याचा फिरता बुरूज अडकला होता आणि आतले सैनिक त्याला तसाच सोडून गेले होते. १९५१ पासून हा रणगाडा, टायगर १३१, इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात आहे.

१९९० मध्ये त्याला पुन्हा चालता करायचे ठरले. जवळजवळ सगळाच उकलला. पण घोडे अडले इंजिनापाशी. मूळचे २१ लिटरचे मायबाख इंजिन, आतली रचना लोकांना दिसावी म्हणून, कधीच कापलेले! टायगर बनले होते जेमतेम साडेतेराशे. त्याचे सुटे भाग कोणत्या जुन्या बाजारात मिळणार? शेवटी संग्रहालयातल्याच टायगर २ चे २३ लिटरचे मायबाख काढून यात बसवले. डिसेंबर २००३ मध्ये रणगाडा चालू होऊन परतला.

उर्दूत याला मरम्मत म्हणतात, मराठीत दुरुस्ती. फारसीत 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, ठीक. मग परके इंजिन घातलेला रणगाडा दुरुस्त म्हणायचा का? माझ्या मते म्हणावा. नंतरच्या टायगरांत खुद्द कारखान्यानेच २३ लिटरचे इंजिन बसवले होते. मला खटकते ते वेगळेच. एकाला चालवण्यासाठी दुसऱ्याचे पोट रिकामे केले, आणि गर्दी जमते ती चालणाऱ्याभोवती. तोही वर्षातून मोजकेच दिवस बाहेर काढतात, कारण प्रत्येक फेरीत जुने लोखंड झिजतेच.