महाविद्यालयीन हृदयशिक्षण

साधारण 17 ते 24 या वयातील विद्यार्थ्यांना हृदयविकाराची कारणे समजावून देणारे आणि त्यांच्या आहार, झोप, व्यायाम व व्यसनविषयक सवयींना वळण लावणारे आरोग्यशिक्षण.

हृदयविकार हा उतारवयाचा आजार, या समजुतीला 1953 साली मोठा तडा गेला. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांचे शवविच्छेदन झाले. त्यांचे सरासरी वय जेमतेम 22 होते. तरीही सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत विकाराच्या खुणा दिसल्या. आपल्याला अधिक जवळचा पुरावा इंटरहार्ट या 52 देशांतील अभ्यासाचा आहे. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे मध्यक वय दक्षिण आशियात 53, तर इतर देशांत जवळपास 59 आढळले. म्हणजे रोहिण्या खराब होऊ लागतात त्या ऐन कॉलेजच्या वर्षांत, काहीही न दुखता.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या आहार-झोपेच्या सवयी बिघडतात त्या बहुधा घर सुटल्यावर. सकाळचे लेक्चर गाठताना नाश्ता बुडतो, पुण्यात रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात, आणि सबमिशनच्या रात्री चहा-फरसाणावर निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. ताटातले लोणचे-पापड आणि रात्रीचे फरसाण मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात. म्हणून पोस्टर लावण्याआधी मेसचालकाशी बोलावे, हे या कामातले पहिले पाऊल वाटते.

तंबाखूचा प्रश्न याहून कठीण. शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूच्या विक्रीला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे. तरी मावा आणि विदर्भातला खर्रा तरुणांच्या खिशात सापडतोच. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, हा समज घातक आहे. निकोटिन तोंडातूनही रक्तात जाते, नाडी व रक्तदाब वाढवते.

शिकवण्याजोग्या गोष्टींत मोजमाप सर्वांत उपयोगी. भारतीयांत कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढलेला मानतात. हातपाय बारीक असलेल्यांनीही तो मोजावा. घरी एक चौकशीही करावी: वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला होता का? उत्तर होकारार्थी असेल तर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची तपासणी याच वयात करून घ्यावी.