उंबऱ्याआंतलें मत

लोकशाहीचें बळ मतदानाच्या दिवशीं लागणाऱ्या रांगेवरून मोजण्याची आपली रीत आहे. परंतु ज्यांना त्या रांगेंत उभेंच राहतां येत नाहीं, त्यांच्या मताला वाट कशी मिळाली, हा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, म्हणजे १९५१-५२ सालीं, प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तीवर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. मतदारानें पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटींत पत्रिका टाकावयाची. या युक्तीनें निरक्षराची अडचण दूर झाली. परंतु अंधाला चिन्ह दिसेना आणि पंगूला पडदा गांठवेना.

यावर एक उपाय निघाला तो सोबत्याचा. आजच्या नियमांप्रमाणें अंध वा दुर्बल मतदाराला अठरा वर्षांवरील सोबती आंत नेतां येतो. त्यानें एका दिवशीं एकाच मतदारास साह्य करावें व कळलेलें मत गुप्त ठेवण्याची लेखी हमी द्यावी, असा निर्बंध आहे. मत पेटींत पोंचलें खरें. पण तें दुसऱ्याच्या हातून. पुढें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मतदान-केंद्रांवर चाकाच्या खुर्चीसाठीं लाकडी उतार करण्याचा आदेश दिला. कालांतरानें मतदान-यंत्रावर ब्रेल लिपीही आली, आणि ती वाचणाऱ्या दृष्टिहीनाचें मत पुन्हा त्याच्या एकट्याचें झालें.

तरीही अंथरुणाला खिळलेला मनुष्य उंबऱ्याआंतच राहिला होता. त्याच्यासाठीं ऑक्टोबर २०१९ मध्यें नियम बदलले. ८० वर्षांवरील वृद्धांना व अपंगांना टपाली मतपत्रिका घरीं देण्याची तरतूद झाली, आणि त्याच वर्षीं झारखंडांतील कांहीं मतदारसंघांत ती प्रथम अमलांत आली. २०२४ सालीं वयाची अट ८५ वर नेण्यांत आली. अपंगत्व ४० टक्के प्रमाणित असावें लागतें. १२-ड नमुन्याचा अर्ज मुदतींत भरला, कीं कर्मचारी घरीं येतात.

किन्नौरमधील कल्पा येथील शाळामास्तर श्याम सरण नेगी यांनीं ऑक्टोबर १९५१ मध्यें, बर्फानें वाटा बंद होण्यापूर्वीं, केंद्रावर जाऊन मत दिलें होतें. २ नोव्हेंबर २०२२ रोजीं त्यांनीं आपलें शेवटचें मत घरीं दिलें, आणि तीनच दिवसांनीं त्यांचें निधन झालें. एका मनुष्याच्या आयुष्यांत हें एवढें स्थित्यंतर घडलें!

मात्र घर म्हणजे मतदान-केंद्र नव्हे. केंद्रांत पडदा असतो; घरांत खाटेभोवतीं मुलगा, सून, पुतण्या उभे असतात, आणि ज्यांच्या हातून औषधपाणी घ्यावयाचें त्यांच्यादेखत त्यांना न आवडणारें मत देणें वृद्धाला सोपें नसतें. पूर्वीं पडदा होता, वाट नव्हती. आतां वाट झाली, तर पडदा जाऊं देतां कामा नये. तो राखणें कर्मचाऱ्यांइतकेंच घरच्यांच्याही हातीं आहे. म्हणून खाटेपाशीं पत्रिका आली, कीं घरच्यांनीं घटकाभर ओसरीवर जाऊन बसावें.